सहा पाकळ्यांची गोळी

निरोप आला तेव्हा माझा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत म्हशीच्या पोटात होता. सुप्याजवळच्या एका वस्तीवर रेडकू आडवं फिरलं होतं आणि मी डोळे मिटून, नुसत्या बोटांनी, त्याचा पुढचा पाय शोधत होते. गावातल्या एसटीडी बूथवाल्याचा भाऊ सायकल हाणत आला आणि गोठ्याच्या दाराशी थांबला. “म्याडम, इंदापुरावरनं फोन आलाय. किसनतात्या गेले म्हंत्यात, सकाळच्या पारी. तुमी मोकळ्या झाला की फोन लावा.” मी नुसती मान हलवली. हात काढून घेता येत नव्हता. पाय सापडला, दोरी अडकली आणि अर्ध्या तासाने रेडकू बाहेर येऊन शिंकलं. घरच्या बाईने माझ्या हातावर कोमट पाणी ओतता ओतता विचारलं, “कोन व्हतं तुमचं?” मला पटकन सांगता येईना. नात्याचे नव्हते, गाववाले नव्हते, खात्यातलेही नव्हते. “आमचे तात्या,” एवढंच म्हणाले. तेवढं तिला पुरलं.

बारामतीला एसटी बदलून इंदापूरला पोचेपर्यंत दुपार कलली होती. सगळं उरकलं होतं. तात्यांची मुलगी सुमन दारातच बसली होती. म्हणाली, “झोपेतच गेले. आईनं चहा नेला तर हाताला हात लागला, गार.” घरात मंडळी होती, पण मोठ्याने कोणी बोलत नव्हतं. मी तात्यांच्या बायकोच्या, हौसाकाकींच्या, शेजारी जाऊन बसले. त्या माझा हात हातात घेऊन बराच वेळ अंगठ्याने चोळत राहिल्या, जणू मलाच थंडी वाजत होती.

त्याला आता सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत मी तात्यांना बऱ्याचदा स्वप्नात पाहिलं. स्वप्नात ते काही करत नाहीत. पणदऱ्याच्या शेडमध्ये स्टुलावर बसून चष्मा पुसतात. बाहेर उसाचा पाला वाजत असतो. मी काही विचारायला तोंड उघडते आणि जाग येते.

किसनतात्या मूळचे पणदऱ्याचे. वडिलांच्या मागे दीडशे मेंढरं होती. तात्यांचं लहानपण सुप्याच्या माळावर, मोरगावच्या बाजूला, वाड्यावर गेलं. त्यांच्याकडे वाडा म्हणजे मेंढरांचा मुक्काम. कॅनॉलचं पाणी जमिनीला लागलं तसं वडिलांनी कळप मोडला आणि ऊस लावला. थोरल्याला शेती आली, धाकट्या किसनला शाळा. शाळेनंतर ते पुण्याला एका दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले, ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. टूलरूममध्ये. टूलरूम म्हणजे ज्या हत्यारांनी माल बनतो ती हत्यारं बनवण्याची जागा. तात्यांचा हात इतका नेमका होता, की पुढे त्यांना नव्या गोळ्यांचे नमुने करणाऱ्या विभागात घेतलं. कारखान्याचं नाव ते कधी उच्चारत नसत. “आमच्याकडं” म्हणत. नोकरीला लागताना गुप्ततेच्या कागदावर सही केली होती आणि तात्यांच्या दृष्टीने सही म्हणजे सही. माणूस निवृत्त झाला म्हणून सही निवृत्त होत नाही.

निवृत्तीनंतर ते पणदऱ्याला परत आले आणि उसाच्या कडेला पत्र्याची शेड टाकून त्यांनी लोखंड कातायचा एक जुना लेथ बसवला. मी तेव्हा सुप्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नवीन होते. पोट फुगलेल्या जनावराच्या कुशीत टोचायची आमची एक नळी असते, आत टोकदार सळई असलेली. माझ्याकडची नळी वाकली होती आणि खात्याकडून नवी यायला वर्ष लागलं असतं. कोणीतरी म्हणालं, पणदऱ्याला एक म्हातारा आहे, लोखंडाशी बोलतो. मी स्कूटरवरून गेले. त्यांनी नळी उन्हात धरली, एका डोळ्याने आतून पाहिलं आणि म्हणाले, “ही सरळ करन्यात अर्थ न्हाय, डॉक्टरबाई. नवी करू. परवा या.” परवा गेले तर नळी तयार. टोक असं, की कातडीला कळायच्या आत आत गेलेलं असायचं. पैशाचं विचारलं तर म्हणाले, “आमच्याकडं टोचनाऱ्या वस्तूच करायचो. ही पयलीच अशी, जी टोचल्यावर जनावर वाचतं.”

त्या वाक्यामुळे मी थांबले. काकींनी चहा आणला. त्यानंतर मी सवडीने पणदऱ्याला जाऊ लागले, कधी कामासाठी, कधी कामाचं निमित्त काढून. शेडमध्ये कापताना वापरायच्या तेलाचा आणि ओल्या मातीचा वास एकत्र भरलेला असे. दुपारी पत्रा तापून मधेच टण् असा वाजे. तात्या हळू बोलत, दोन वाक्यांच्या मधे इतका वेळ जाई, की मला वाटे संपलं... आणि मग ते पुढचं वाक्य बोलत.

अशाच एका दुपारी त्यांनी मला ती गोळी समजावली. नावं नाहीत, मापं नाहीत, नुसती कल्पना. काकी परातीत कणीक मळत होत्या. तात्यांनी त्यातला एक गोळा घेतला, बोटभर लांब केला आणि टोकाला काडीने एक खळगा पाडला. “साधी गोळी भरीव. आत शिसं, वरनं तांब्याचं कवच. ती शिरती आन् आरपार निघून जाती. मागं कोन हाय, काय हाय, तिला कळत न्हाय. शिकारीला ही गोळी वाईट. जनावर भोक घेऊन पळतं, दोन-दोन दिस हिंडून मरतं. म्हून टोकाला ही पोकळी ठेवायची.” त्यांनी कणकेचा तो गोळा पाण्याच्या वाटीत टोकाकडून दाबला. खळग्यात पाणी शिरलं, कडा बाहेर वळल्या. “अंगात वलावा असतो. त्यो हितं भरतो, आतनं दाबतो आन् तोंड उघडतं. फुलावानी. फूल झालं की गोळी रुंद व्हती, जागच्या जागी थांबती. जनावर तितंच बसतं. डॉक्टरबाई, गोळीतला सगळ्यात म्हत्त्वाचा भाग कुठला म्हणाल? जितं काय न्हाय त्यो.”

मग ते उमलण्याविषयी बोलले. फूल लवकर उमललं तर जखम वरच्यावर राहते, उशिरा उमललं तर गोळी निघून गेलेली असते. कवचाला टोकाशी आतून बारीक काप द्यायचे, म्हणजे ते वाटेल तसं न फाटता पाकळ्या पाकळ्यांनी उघडतं. किती काप, केवढे खोल, यात त्यांच्या विभागाची वर्षं गेली होती. साहेब लोक चार म्हणत होते. तात्या सहा म्हणत होते. चार पाकळ्या मोठ्या होतात आणि एखादी तुटते, सहा केल्या तर त्या एकमेकींना धरून राहतात, हे त्यांचं म्हणणं. शेवटी सहा ठरले. हे सांगताना त्यांचा चेहरा लग्नातल्या फोटोसारखा झाला.

“तपासायचं कसं?” मी विचारलं.

“साबनाच्या वडीवर. येवढाली वडी, पेटीयेवढी. लांबनं गोळी झाडायची आन् वडी मधोमध चिरायची. आत पोकळी झालेली असती, जशीच्या तशी. मी ब्याटरी लावून आत बघायचो. गाभाऱ्यात बघितल्यावानी वाटायचं बगा. गार, गुळगुळीत, आन् पार आत, तळाला, त्ये फूल.”

त्यांनीच मग सांगितलं, की लढाईत माणसावर अशी गोळी झाडायला जगानं फार पूर्वी मनाई केली आहे. शिकारीला चालते.

“म्हणजे माणसाला नको, जनावराला चालेल?” मी म्हणाले. मी जनावरांची डॉक्टर, मला ते लागलं.

तात्यांनी कणकेचा गोळा परातीत ठेवला. काकींचे हातही थांबले. “जनावर लवकर पडतं,” ते म्हणाले. “हाल न्हाय व्हत.”

“कोणी सांगितलं?”

“साबनानं,” असं म्हणून ते हसले. मीही हसले. त्या दिवशी आम्हा दोघांनाही ते गमतीचं वाटलं.

पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत एका सकाळी वनखात्याची जीप दवाखान्यापुढे उभी राहिली. मागे गोणपाटाखाली एक चिंकारा होती, मादी, मेलेली. अभयारण्याच्या हद्दीजवळ एका ओघळीत सापडली होती. शवविच्छेदन मला करायचं होतं. जीपमध्ये पुढे हात बांधलेला एक माणूस बसला होता, पन्नाशीचा, अंगावर घोंगडं. त्याचं नाव बिरू. तो माळावरचा मेंढपाळ, त्याच्याकडे रानडुकरं हुसकवायची ठासणीची बंदूक होती, हे साऱ्या पंचक्रोशीला माहीत होतं. हरीण त्याच्या वाड्यापासून कोसभर अंतरावर मिळालं आणि बंदूक वाड्यावर मिळाली. वनखात्याच्या साहेबांच्या मते एवढं पुरेसं होतं.

त्याच सकाळी तात्या एसटीने सुप्याला आले होते, माझा एक चिमटा दुरुस्त करून द्यायला. साहेबांना पंचनाम्यासाठी दोन पंच हवे होते. एक शेजारचा दुकानदार मिळाला. दुसरे कोण म्हणून साहेबांनी व्हरांड्यातल्या स्वच्छ धोतर-टोपीतल्या म्हाताऱ्याकडे बोट केलं. तात्या उठून आत आले.

हरणाच्या मागच्या मांडीत, जांघेजवळ, एक बोट जाईल एवढं भोक होतं. आतून मात्र... मी पुष्कळ जनावरं फाडली आहेत, पण असं पाहिलं नव्हतं. आतलं सगळं विसकटलं होतं. पोटात जवळजवळ दिवस भरलेलं पिल्लू होतं. मी हाडापाशी चिमटा घातला आणि एक वस्तू बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवली. ती ट्रेमध्ये घरंगळली आणि थांबली. मी तिच्यावर पाणी ओतलं. तांबूस कवच, मधे करडं शिसं, आणि बाहेर वळलेल्या सहा पाकळ्या. एकही तुटलेली नव्हती.

मी मान वर करून तात्यांकडे पाहिलं. ते वाकले होते. त्यांनी हात मागे बांधून घेतले होते, जसे आपण देवळात सोवळ्यातल्या वस्तूपुढे बांधतो. त्यांच्या ओठांची हालचाल झाली. मला वाटतं ते पाकळ्या मोजत होते.

साहेबांनी कारकुनाला पंचनामा सांगायला सुरुवात केली. “मांडीतून शिशाचा एक छर्रा मिळाला...” कारकुनाने लिहिलं. दुकानदाराने सही केली. कागद तात्यांपुढे आला. त्यांनी तो वाचला, टेबलावर ठेवला आणि पेन परत दिलं.

“ह्यो छर्रा न्हाय,” ते म्हणाले.

“मग काय आहे?”

“रायफलची गोळी हाय. कवच हाय हिला. आन् ह्यो बुडाचा भाग बघा साहेब, त्यावर तिरकं ओरखाडं हायेत, एकसारखं. नळीच्या आत आटे असल्याशिवाय असं ओरखाडं उठत न्हाईत. ठासनीच्या बंदुकीची नळी आतनं सपाट असती. त्या मानसाच्या बंदुकीतनं ही गोळी सुटूच शकत न्हाय.”

“आजोबा, तुम्हाला यातलं काय कळतं?”

मला माहीत होतं की ते सांगणार नाहीत. त्यांनी सही केलेली होती. “डोळ्याला दिसतंय त्येवढं सांगतो,” ते म्हणाले. “डोळ्याला दिसतंय त्येवढं लिवा. मग सही करतो.”

साहेब वाईट नव्हते. पण आदल्या संध्याकाळी माळावर बाहेरची एक जीप फिरत होती, तिच्यात कुणा बड्या घरचे पाहुणे होते, हे त्यांनाही ठाऊक असावं. ते माझ्याकडे वळले. “बाई, तुमच्या अहवालात काय लिहिणार?” सरकारी नोकरीतलं माझं ते तिसरं वर्ष होतं. घरची मंडळी रोज बदलीची भाषा करत होती. खरं सांगायचं तर तात्या तिथे नसते तर ‘धातूचा तुकडा’ असं लिहून मी मोकळी झाले असते. मी म्हणाले, “पंच म्हणतात तेच.”  पंचनामा दुसऱ्यांदा लिहिला गेला. गोळी बाटलीत गेली, बाटलीवर लाख लागली, तात्यांनी सही केली. बिरूला मात्र त्याच जीपमधून नेलं. जाताना त्याने मला फक्त एवढंच विचारलं, “मेंढरं कोन बगंल?”

जीप गेल्यावर तात्या व्हरांड्यात बसले. मी हात धुऊन आले. समोर माळ पिवळा पडला होता, गवतावर ऊन थरथरत होतं आणि लांबची झाडं जमिनीपासून सुटून तरंगत असल्यासारखी दिसत होती. माळाकडे बघत ते म्हणाले, “मांडीत लागली. म्हंजी लगेच गेली नसंल.”

“नाही.”

“किती वेळ?”

डॉक्टर माणसाला अशा वेळी खोटं बोलायची सवय असते. जनावराच्या मालकाला मी नेहमी सांगते, फार त्रास झाला नाही. तात्यांना तसं सांगवेना. वनखात्याच्या माणसांनी सांगितलं होतं, रक्ताचा माग कोसभर होता. ती बसून पुन्हा उठल्याच्या खुणा तीन ठिकाणी होत्या. “चार-पाच तास,” मी म्हणाले. “जास्तही असतील.”

त्यांनी मान डोलावली. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची घडी नीट करत बसले. “फूल बराबर उमललं व्हतं,” ते म्हणाले. “काय चुकलं न्हवतं गोळीचं.” एसटी आली तसे ते टोपी घालून उठले.

बिरूच्या जामिनाचा अर्ज बारामतीच्या कोर्टात आला तोपर्यंत जवळजवळ तीन आठवडे गेले होते. प्रयोगशाळेचा अहवाल आला नव्हता, यायला महिने लागणार होते. सरकारी बाजू म्हणत होती, पंच हा एक खेडूत आहे, त्याच्या म्हणण्याला काय आधार? बिरूच्या वकिलाने तात्यांना बोलावलं. आदल्या दिवशी मी पणदऱ्याला गेले तेव्हा शेडमध्ये लेथ बंद होता. काकी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “तुमी तरी सांगा त्येस्नी. आटे-बिटे काय सांगायचं त्ये सांगा, पर कारखान्याचं काडू नका म्हनावं. कागदावर सही केलीया. उद्या कुनी दारात आलं तर?” तात्यांना आतून ऐकू गेलं. ते म्हणाले, “हौसे, सही मोडायची मलाबी भीती वाटती. इतकी वर्सं पोरीलासुदिक न्हाय सांगितलं काय करतो त्ये, डॉक्टरबाईंजवळ बोललो ती बी नुसती कल्पना. पर त्यो मानूस माझ्या गोळीपायी आत बसलाय. मी जर म्हनलं, मला ठावं न्हाय, तर ती सही कशाची?”

कोर्टात पंखा आवाज करत होता. न्यायाधीशांनी विचारलं, “रायफलची गोळी आहे हे तुम्ही कशावरून सांगता?” तात्यांनी आट्यांचं सांगितलं, कवचाचं सांगितलं. सरकारी वकील म्हणाले, “हे कुठे वाचलंत?”  तात्यांचा हात कठड्यावर होता, त्याची बोटं पांढरी झालेली मला मागून दिसत होती. मग ते शुद्ध, पुस्तकी भाषेत बोलले. मी त्यांच्या तोंडून ती भाषा त्याआधी कधी ऐकली नव्हती. “वाचलेलं नाही, साहेब. ही गोळी बनवणाऱ्यांपैकी मी एक आहे. तिच्या तोंडावरचे सहा काप माझे आहेत.”

न्यायाधीशांनी मान वर करून तात्यांकडे पाहिलं. पंखा तेवढा फिरत राहिला.

त्या दिवशी बिरू सुटला. पुढे प्रयोगशाळेनेही तेच म्हटलं. एक रायफल जप्त झाली, एक खटला उभा राहिला, त्याच्या तारखा अजून पडतायत. बिरूचं नाव कागदांवरून निघालं ते कायमचं. तो उणेपुरे एकोणीस दिवस आत होता. तेवढ्यात त्याची बायको एकटीने कळप घेऊन हिंडली आणि एकही मेंढरू तिने हरवू दिलं नाही, हे ती अजूनही सांगते.

सुटल्यावर तिसऱ्या दिवशी बिरू चालत पणदऱ्याला आला. मी योगायोगाने तिथे होते. तो वाकून पायाला हात लावू लागला तसे तात्या मागे सरले, स्टूल पडलं. “नगं,” ते म्हणाले. “नगं लावू. ती गोळी मी केली व्हती. तुला सांगितलं न्हाय का कुनी?”

“सांगितलं की,” बिरू म्हणाला. “तुमी केली व्हती म्हून तर तुमाला वळकू आली न्हवं?”

तात्या त्याच्याकडे बघत राहिले. मग भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. आवाज न करता, नाक न ओढता, जुनी माणसं रडतात तसे. काकींनी बिरूला पाणी दिलं आणि तो ते उभ्यानेच प्यायला, जणू काही विशेष घडलेलं नाही.

पुण्याहून एक पत्र आलं. सही केलेली असताना जाहीर ठिकाणी कामाविषयी का बोललात, याचा खुलासा करा. तात्यांनी चार ओळींचा खुलासा पाठवला. त्यावर पुढे काहीच आलं नाही. पण काही न येणं हीच त्यांना शिक्षा झाली. पोस्टमनची सायकल वाजली की ते शेडमधून उठून यायचे, पत्र नाही म्हटलं की परत जाऊन बसायचे. जुन्या सोबत्यांचा दरवर्षी पुण्यात मेळावा असायचा, त्याचं बोलावणं त्या वर्षापासून थांबलं. ज्याने सहा कापांसाठी त्यांच्या बाजूने साहेबांशी वाद घातला होता, त्या मित्राचा फोनही थांबला. तात्या त्याबद्दल तक्रार करत नसत. एकदाच म्हणाले, “त्येंचंबी बराबर हाय. सही त्येंनीबी केलीया.”

शेडमध्ये काम चालूच होतं. पंपाचे सुटे भाग, ट्रॅक्टरच्या पिना, माझे चिमटे. मात्र ते आता महिन्यातून दोन-तीनदा सुप्याची एसटी धरत. मला वाटायचं दवाखान्यात येतात. ते दवाखान्यात तासभर बसत आणि मग माळाकडे चालू लागत. “जरा पाय मोकळे करतो,” म्हणत. लहानपणीचा माळ आहे, जावंसं वाटत असेल, असं मी धरून चालले. परतीची एसटी धरायला आले की त्यांच्या धोतराला कुसळं चिकटलेली असत.

गेल्या वर्षी छातीचं दुखणं निघालं आणि सुमनने त्यांना काकींसह इंदापूरला नेलं. आमची शेवटची भेट तिकडचीच, या जानेवारीतली. सुमनच्या नवऱ्याने आम्हाला उजनी धरणाच्या जलाशयाकडे नेलं. सकाळचं धुकं पाण्यावरून अजून उठलं नव्हतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता, त्यामुळे पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. त्या पांढऱ्यात गुलाबी रेषा होती. रेषा हलली, तेव्हा कळलं की ते रोहित पक्षी आहेत, शेकड्यांनी. तात्या दगडावर घोंगडी टाकून बसले होते. ते म्हणाले, “डॉक्टरबाई, मला हल्ली सपान पडतं. मी वडी चिरतोय. आत ब्याटरी लावतो तर फूल न्हाय. नुसती वडी, भरीव. मी साहेबास्नी सांगतो, साहेब, काय झालंच न्हाय आत. आन् मला लई बरं वाटतं.” मी विचारलं, “मग?” “मग काय... जाग येती.” ते हसले. पक्षी उडाले, त्यांच्या पंखांखालचा लाल रंग एकदम उघडला. तात्या बघत राहिले, ते पार दिसेनासे होईपर्यंत.

मागच्या आठवड्यात बिरू दवाखान्यात आला. मेंढी लंगडत होती, तिच्या खुरातला काटा मी काढला. जायला निघाला आणि थांबला. “तात्यांचं ठिकान बगितलंय का तुमी?” मी म्हणाले, कुठलं ठिकाण? त्याला नवल वाटलं. “मला वाटलं तुमाला ठावं आसंल. चला, दावतो.”

आम्ही चालत गेलो, वाटेत बिरूने वाड्यावरून पाण्याची घागर खांद्यावर घेतली. ऊन उतरत होतं. हरीण सापडलं होतं त्या ओघळीच्या वर, उघड्या माळावर, जनावरांनी पाणी प्यायची, काळ्या दगडाची एक डोण बसवलेली होती, हातभर लांब. अखंड दगड आतून कोरलेला. बिरूने सांगितलं, दगड इथलाच, तात्यांनी तो इथेच बसून, दोन हिवाळे, छिन्नीने थोडा थोडा कोरला. पाणी बिरू आणायचा, वाड्यावरून, घागरीने. “मला म्हनले व्हते, कुनाला सांगू नगंस, डॉक्टरबाई हसत्याल.”

मी हसले असते हे खरं. चिंकारा पाण्यावर फारशी येत नाही. पाल्यातला, दवातला ओलावा तिला पुरतो. मी बिरूला विचारलं, “हरणं येतात का रे?”

“न्हाय,” बिरू म्हणाला. “मी तर एकबी बगितलं न्हाय. पाखरं येत्यात. कवा कोल्हं येतं. माझी मेंढरं पित्यात. मी तात्यांना म्हनलं बी, हरनं काय येत न्हाईत. तर म्हनले, येऊ दे न्हाय तर न येऊ दे. भरल्यालं असावं.”

त्याने खांद्यावरची घागर उतरवली आणि हळूहळू ओतली. मी खाली बसले. तो माळ कुठेही सपाट नाही. पाऊल टाकावं तिथे चढ किंवा उतार आहे, समोरच्या टेकडीच्या उताराने तर डोळाही फसतो. डोणीखाली बारीक बारीक दगडांच्या चिपा सरकवलेल्या होत्या, कुठे एक, कुठे तीन, एखाद्या ठिकाणी कागदाएवढी पातळ. पाणी वर वर आलं आणि काठाला टेकलं. चारी बाजूंनी, एकाच वेळी. कुठे केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. बिरूने घागर उचलून घेतली. पाणी जरा वेळ हललं आणि मग स्थिर झालं.